अण्णांचा चौथा रकाना

आदरणीय दत्ताराम घाडी, म्हणजे आपणा सगळ्यांचे अण्णा, यांची आणि माझी पहिली भेट आमच्या घराच्या ओटीवर झाली, आणि त्या भेटीत मी त्यांच्याशी धडधडीत खोटं बोललो. संपादक मंडळाने मला दोनदा बजावलं आहे की गौरवग्रंथाचा लेख आहे, जरा शिस्तीत लिहा, स्वतःचं पुराण लावू नका. प्रयत्न करतो. पण अण्णांच्या पंचाहत्तरीला मला जे सांगायचं आहे ते त्या खोट्यापासूनच सुरू होतं, त्याला माझा नाइलाज आहे.

मी काशिनाथ वरठा. दिंडोशीच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसतो आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करतो. पूर्वी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे, टेबल तेच. आमचा पाडा तिथून चालत अर्ध्या तासावर, डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही वारली. बिल्डिंगी आमच्यानंतर आल्या, पण कोणी पत्ता विचारला की आधी बिल्डिंगीचं नाव सांगायचं आणि मग 'तिच्या मागे' म्हणायचं, अशी आम्हालाच सवय लागली होती.

त्या दिवशी मी टायपिंगच्या परीक्षेच्या निकालाची वाट बघत होतो. बिल्डिंगीत राहणारा माझा एक दोस्त ओटीवर बसला होता. मी बुटांना पॉलिश केलेलं होतं, हे मला अजून आठवतं, कारण घरात माझ्याशिवाय कोणाकडेच तेव्हा बूट नव्हते. अण्णा त्या भागाचे पोस्टमन. नुकतीच त्यांच्याकडे आमची बाजू आली होती. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं, आईने त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी थैलीतून एक लांबट वही काढली आणि आईला विचारलं, "वहिनी, घरात तुम्ही काय बोलता? म्हणजे भाषा कुठली?"

आईने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मराठी. आमच्याकडे सगळे मराठीच बोलतात."

जरा मोठ्यानेच म्हणालो. दोस्ताला ऐकू जायला हवं होतं ना! शाळेत आमच्या बोलीवरून मला इतकं चिडवलं होतं की निकालाच्या दिवशी तरी मला ते गाठोडं पाठीवर नको होतं. अण्णांनी वहीत लिहिलं आणि आईकडे बघून वाचून दाखवलं, "घर वरठा. भाषा मराठी. बरोबर ना, वहिनी?" आई काही बोलली नाही. तिने रिकामा पेला उचलला आणि आत गेली. अण्णा अजून काहीतरी लिहीत होते. एका शब्दाला एवढा वेळ कशाला लागतो, असं माझ्या मनात आलं, आणि मी पाकीट फोडायला लागलो.

आता अण्णांविषयी. अण्णांचं घराणं मालवणकडचं, वडील गिरणीत. बालपण गिरणगावातल्या चाळीत गेलं, लग्नानंतर बिऱ्हाड मालाडला आलं ते आजतागायत तिथेच आहे. टपाल खात्यात लागल्यापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी पत्रांचा बटवडाच केला. बढतीच्या परीक्षेला बसा म्हणून साहेबांनी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बसलो की मी बसूनच राहीन. मला फिरू दे." काकींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, ही गोष्ट मला फार वैतागून सांगितली होती, आणि सांगताना त्यांना हसूही येत होतं.

पाड्यांवर घरांना नंबर नव्हते. पत्रावर 'मोठ्या चिंचेजवळ' किंवा 'पाण्याच्या टाकीच्या वर' असं काहीही असे. अण्णांनी सोयीसाठी घरांची यादी करायला घेतली. यादी करताना त्यांच्या लक्षात आलं की चिंचेला, ओढ्याला, चढणीला पाड्यातले लोक आपसात वेगळ्याच नावांनी ओळखतात आणि पोस्टमनला वेगळं सांगतात. मग त्यांनी दोन्ही नावं लिहायला सुरुवात केली. तिथून ते भाषेच्या नावावर आले. गोरेगावच्या मागचा डोंगर, बोरिवलीच्या जंगलातले पाडे, पलीकडे मुलुंडच्या उतारावरची घरं, सगळीकडे सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पायाने फिरून, वारली बोली कुठल्या घरात बोलली जाते आणि तिला कोण काय म्हणतं, याची नोंद या माणसाने ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. बरं, भाषाही त्यांची नव्हे.

त्यांच्या वहीला चार रकाने असतात. पहिल्यात घरातले लोक आपल्या बोलीला काय म्हणतात ते. दुसऱ्यात शेजारचे काय म्हणतात ते. तिसऱ्यात सरकारी कागदावर काय लिहिलेलं आहे ते. बऱ्याच पानांवर पहिल्या रकान्यात नुसतं 'आपली' असतं, दुसऱ्यात 'जंगली', आणि तिसऱ्यात 'मराठी'. चौथा रकाना मात्र अण्णांच्या स्वतःच्या डोक्यातला. त्यात लिहायचं, विचारलं तेव्हा तिथे कोण कोण बसलेलं होतं.

हा रकाना कुठून आला, तेही सांगतो. पाड्यांवर ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची पत्रं अण्णा वाचून दाखवत. वाचण्याआधी इकडेतिकडे बघत आणि विचारत, "इथे बसलेले सगळे घरचेच ना?" बाहेरचं कोणी असलं तर पत्र वाचतच नसत, संध्याकाळी परत येतो म्हणत आणि खरंच येत. पुढे एका पाड्यावर त्यांनी भाषा विचारली तेव्हा शेजारी कोणीतरी खाकीतला माणूस विडी ओढत बसला होता. सगळ्या घरांनी एका सुरात 'मराठी' सांगितलं आणि अण्णांनी ते शाईने लिहूनही टाकलं. महिन्याभराने त्याच पाड्यावर लग्न होतं. तिथे म्हाताऱ्या बाया गात बसल्या होत्या आणि अण्णांना त्यातला एक शब्द कळेना. त्यांनी वहीतल्या त्या सगळ्या नोंदींवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'चूक माझी'. ते पान मी पाहिलं आहे, अण्णा आमच्या ओटीवर येण्याआधीचं. तेव्हापासून नोंद आधी पेन्सिलीने करायची, आणि घरातल्यांनीच सांगितलं आहे अशी खात्री पटली की मग निळ्या शाईने गिरवायची, असा त्यांचा नेम झाला.

दुसरा नेम वाचून दाखवण्याचा. जे लिहिलं ते सांगणाऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय उठायचं नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर मुलुंडला गेलो होतो. परतताना बस भांडुपपर्यंत आली आणि अण्णांना आठवलं की एका आजीला शेवटचं अर्धं पान वाचून दाखवायचं राहिलं. मी म्हणालो, "अण्णा, अर्धं पान आहे हो. पुढच्या वेळी वाचू." अण्णा थैली घेऊन उतरले. मीही शिव्या घालत (मनातल्या मनात) उतरलो. उन्हात परत चढून गेलो. आजीने ऐकलं आणि एका ओढ्याचं नाव बदलायला लावलं. म्हणाली, "मघाशी सासरचं नाव सांगितलं, तो ओढा माहेरचा." अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परतीच्या वाटेवर गप्पच बसलो.

माहुलला कोळीवाड्यात त्यांना एकदा तुलनेसाठी काही नावं हवी होती, तेव्हाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. वही बघून एक कोळीणबाई कडाडल्या, "आधी म्हावरा घे, मग लिव!" अण्णांनी निमूटपणे बोंबील घेतले, तिथेच बसून बाईंचं म्हणणं लिहिलं आणि वाचून दाखवलं. काकी म्हणतात, त्या दिवशी बोंबील इतके होते की अख्ख्या मजल्याने खाल्ले.

मालाडच्या एका वाचनालयात अण्णांचा नकाशा पहिल्यांदा भिंतीवर लागला, त्या कार्यक्रमाला एक विद्वान पाहुणे आले होते. ते म्हणाले, एकाच बोलीला तीन तीन नावं कशाला, एक प्रमाण नाव ठरवून टाका. अण्णा व्यासपीठावर बोलायला फार बुजतात. पण त्या दिवशी उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, पाकिटावर काहीही लिहिलेलं असू द्या, मी दारात जाऊन घरातलं नाव घेऊनच हाक मारायचो. त्याशिवाय दार उघडायचे नाहीत." एवढं बोलून खाली बसले आणि घाम पुसला. मी टाळ्या वाजवल्या. माझ्याच टाळ्या आधी वाजल्या.

आणि इथेच माझी खरी लाज आहे. मी अण्णांचा सहकारी कसा झालो, तर ते त्यांच्या याद्या टाइप करायला माझ्या टेबलावर आले. पहिल्या भेटीला तेव्हा बरीच वर्षं लोटली होती. त्यांनी मला ओळखलं, घरची चौकशी केली, त्या दिवसाविषयी अवाक्षर काढलं नाही. मी याद्या टाइप करू लागलो, मग सुट्टीत बरोबर फिरू लागलो, मग घरोघरी जाऊन लोकांना समजावू लागलो, "लाजता कशाला? आपली बोली आहे, बिनधास्त सांगा." किती भाषणं ठोकली मी! आणि आमच्या स्वतःच्या घराची नोंद काय आहे, हे मी कधी विचारलं नाही. विसरलो होतो असं म्हणता येईल. रोज प्रतिज्ञापत्रं टाइप करणाऱ्या माणसाला ते वाक्य सहज सुचतं. पण मी विसरलो नव्हतो.

अण्णांच्या नकाशात प्रत्येक पाड्याला एक छोटं वर्तुळ आहे. पाड्यातल्या सगळ्या घरांची नोंद पक्की झाली की वर्तुळ निळ्या शाईने भरायचं. एक जरी घर अपुरं असलं तरी ते पेन्सिलीतच ठेवायचं. एकेक करत आजूबाजूचे पाडे निळे झाले. आमच्या पाड्याचं वर्तुळ मात्र पोकळच. मी दर दिवाळीला अण्णांच्या मागे लागायचो. अण्णा म्हणायचे, "बघू रे. एक घर बाकी आहे."

मी भडकायचो. "कोण आहे तो रिकामटेकडा? नाव सांगा, आजच्या आज जाऊन त्याची खरडपट्टी काढतो! एका माणसामुळे सगळ्या पाड्याची वाट लागलीय!"

अण्णा चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "राहू दे. त्याचं तो येईल."

या ग्रंथाच्या निमित्ताने अण्णांच्या सगळ्या वह्या टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. पहिलीच वही उघडली, आणि आमचं पान आलं. पहिल्या रकान्यात पेन्सिलीने 'मराठी'. दुसरा, तिसरा रिकामा. चौथ्या रकान्यात अण्णांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'सांगणारा मुलगा. शेजारी मित्र. विचारलं आईला. त्या बोलल्या नाहीत. नोंद अपुरी.'

माझ्यासमोर एक पक्षकार बसले होते. त्यांना सांगितलं, तासाभराने या. मला पुढे टाइप करता येईना.

कारण त्या पानाबरोबर मला दुसरं एक आठवलं, जे मी इतकी वर्षं आठवू दिलं नव्हतं. त्या दिवसापासून आई माझ्याशी मराठीत बोलू लागली. तिची मराठी अडखळती आहे, बाजारातली आहे. तिला रागावताही येत नाही त्या भाषेत. माझं लग्न झालं. बायको मंदा जव्हारकडची, घरात बोली बोलणारी. स्वयंपाकघरात दोघींच्या गप्पा रंगलेल्या असत आणि मी उंबरठ्यात आलो की दोघी मराठीवर येत. मला वाटायचं, चला, घर सुधारलं. असं वाटणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. आई आता ऐंशीला टेकली आहे, दिवसेंदिवस बोलणंच कमी झालं आहे. आणि माझ्याशी तर ती जेवलास का, छत्री घेतलीस का, एवढंच बोलते.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी मालाडला अण्णांच्या घरी गेलो. म्हणालो, "अण्णा, ही नोंद बदला. मी सही करून देतो. हवं तर स्टॅम्पपेपरवर देतो."

अण्णांनी पान बघितलं. म्हणाले, "मी कशी बदलू? विचारलं होतं तुझ्या आईला."

"पण तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना, मी खोटं बोलतोय ते?"

"माका म्हायती होता," अण्णा म्हणाले. ते गहिवरले की मालवणीवर येतात.

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीत? मी गावभर लोकांना शहाणपण शिकवत फिरलो तुमच्याबरोबर. एकदा तरी कान पकडायचा होता माझा!"

तेव्हा अण्णांनी मला जे सांगितलं ते त्यांची परवानगी घेऊन इथे लिहितो. चाळीजवळच्या शाळेत असताना एकदा त्यांची आई डबा घेऊन वर्गाच्या दारात आली आणि मोठ्याने मालवणीत हाक मारली. पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी विचारलं, "या कोण तुझ्या?" अण्णा म्हणाले, "शेजारीण." आईने ऐकलं, डबा बाकावर ठेवला आणि गेली. घरी त्याविषयी कधी बोलली नाही. "मी उद्या सांगीन, परवा सांगीन करत राहिलो," अण्णा म्हणाले, "नि ती गेली. माझी नोंद तशीच रवली, काशिनाथ. तुझी आई हा अजून. म्हणान मी खोडूक नाय."

काकी आतून चहा घेऊन आल्या आणि आम्हा दोघांकडे बघून कप ठेवून परत गेल्या. मी त्या दिवशी अण्णांसमोर रडलो, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी अण्णा आमच्याकडे आले. गुडघे दुखत असताना काठी टेकत चढण चढून आले. मी रिक्षा सांगतो म्हटलं तर ऐकलं नाही. ओटी आता लादीची आहे, त्यांनी आपली पूर्वीचीच जागा शोधून तिथे बसकण मारली. वही लगेच काढली नाही. आधी पाणी, मग नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी झाली. हात धुतल्यावर त्यांनी वही उघडली, नवीन पान काढलं आणि चौथा रकाना आधी भरला. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "हजर : आई, सून, मुलगा. बाहेरचं कोणी नाही." मग आईकडे वळून त्याच आवाजात विचारलं, "वहिनी, घरात तुम्ही काय बोलता?"

आईने माझ्याकडे बघितलंही नाही. तिच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "याने सांगितलंय ना मागे. तेच राहू दे, भाऊ."

मी तोंड उघडलं, तर अण्णांनी हात वर केला. मंदा आतबाहेर करत होती, तीही दारात थांबली. मला वाटलं, संपलं. आता ती सांगणार नाही, आणि जबरदस्ती करायचा मला काय हक्क?

शेवटी आईच म्हणाली, "त्याला येत असेल तर तो सांगू दे."

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी उठून आईजवळ बसलो आणि आमच्या बोलीत म्हणालो, "ही माझी आयस." पुढे सांगायचं होतं की त्या दिवशी मी खोटं बोललो, घरात आपली बोली आहे, ही जे बोलते ते. पण शब्दच सापडेनात. एक आपला, दोन मराठी, मध्येच एक हिंदी, असं कायतरी कडबोळं तोंडातून पडायला लागलं. मंदाने पदर तोंडाला लावला. मी नेटाने चालूच ठेवलं. कोर्टात उलटतपासणीत साक्षीदारांची तंतरते, तशी माझी तंतरली होती.

आणि आई हसली. आधी गालात, मग खदखदून. "असं नाही म्हणत रे," म्हणाली, तेही बोलीतच, आणि माझं वाक्य दुरुस्त करून सांगितलं. मी पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा दुरुस्त केलं. मग ती थांबेचना. त्या दिवशी मी काय केलं, बुटांना पॉलिश करून कसा बसलो होतो, दोस्तासमोर माझी मान कशी ताठ झाली होती, सगळं तिने मला ऐकवलं, इतक्या वर्षांचं एकदम. शिव्यासुद्धा दिल्या. चांगल्या ठसठशीत दिल्या. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू!

अण्णा लिहीत होते. पानं भरली. मग नेमाप्रमाणे वाचून दाखवायला लागले. आईने त्यांनाही दोन ठिकाणी अडवलं. भाषेचं नाव काय लिहू, असं विचारल्यावर म्हणाली, "हा वारली म्हणतो, तर वारली लिहा. मी आपली म्हणते." अण्णांनी दोन्ही लिहिली.

त्यानंतर त्यांनी थैलीतून नकाशा काढला, घडी उलगडून आईच्या मांडीवर ठेवला, आमच्या पाड्याचं वर्तुळ दाखवलं आणि निळं पेन तिच्या हातात दिलं. आईने आयुष्यात पेन धरलेलं नव्हतं. तिने मुठीत धरून ते वर्तुळ भरलं, जोर लावून, रेघेच्या बाहेर जाऊन. हा नकाशा या ग्रंथाच्या शेवटच्या पानावर छापला आहे. त्यात दिंडोशीच्या मागे एक ठिपका इतर ठिपक्यांपेक्षा मोठा आणि वेडावाकडा दिसेल. छापखान्यातून दोनदा फोन आला, नीट गोल करून घेऊ का म्हणून. अण्णांनी सांगितलं, हात लावायचा नाही.

अण्णांनी आम्हाला काय दिलं, याचे बाकीचे हिशेब या ग्रंथात माझ्यापेक्षा जाणकार मंडळींनी मांडलेच आहेत. माझ्यापुरतं सांगतो. त्यांनी मला माझ्या चुकीची आठवण एकदाही करून दिली नाही, आणि ती चूक पुसूनही टाकली नाही. माझ्या घरात मी उंबरठ्यात आलो की आता गप्पा थांबत नाहीत. आई माझ्यावर डाफरते, रोज सकाळी, बोलीत. मंदा म्हणते, कान किटले आता.

हा लेखही मी आईला वाचून दाखवला. मराठी समजली नाही तिथे बोलीत सांगितलं, तिने दुरुस्त केलं. तिची एकच तक्रार आहे. ती म्हणते, पोस्टमनला चटणी दिली ते लिहिलंस, चटणी त्याने दोनदा मागून घेतली ते नाही लिहिलंस. तेव्हा तेही लिहिलं.

राहता राहिल्या शुभेच्छा. अण्णा, तुमचे गुडघे चालत राहोत, डोळे पेन्सिलीचं बारीक अक्षर वाचत राहोत. तुमच्या वह्यांत अजून कितीतरी पानांवर 'नोंद अपुरी' आहे, त्या नोंदी पक्क्या करायला तुम्ही आम्हाला खूप खूप वर्षं हवे आहात. पण यापुढचं लिहू नकोस, असं आईने मला सांगितलं आहे. सत्काराच्या दिवशी ती स्वतः माइकसमोर उभी राहून तुम्हाला आशीर्वाद देणार आहे, तिच्या बोलीत. काय म्हणणार ते मला माहीत नाही. मी तिचा हात धरून शेजारी उभा असेन, आणि या वेळी मध्ये बोलणार नाही.